भरती-ओहोटीचे अंदाज फुकट कुठे मिळतात? कोकण किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडाची छोटी होडी, कयाक किंवा मासेमारीची छोटी नाव घेऊन कोकण-गोव्याच्या खाड्यांत उतरणाऱ्यांसाठी हे पान आहे. मुंबई ते कारवार या पट्ट्याबद्दलच जास्त लिहिलं आहे, कारण माझं पाणी तेच. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी मध्ये एक उत्तर आहे.

फुकट माहिती खरोखर मिळते का, की शेवटी पैसे भरावेच लागतात?

मिळते. मुंबई-गोव्यासारख्या मोठ्या बंदरांच्या वेळा आणि उंची पाहायला एक पैसाही लागत नाही. पैसे लागतात ते वर्षभराचं अधिकृत पुस्तक हवं असेल तर, किंवा कुठल्याही ठिकाणचे आकडे थेट आपल्या संगणकात ओतून घ्यायचे असतील तर. पण फुकट मिळालेला आकडा कुठल्या ठिकाणचा, कुठल्या घड्याळातला आणि कुठल्या शून्यापासून मोजलेला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यावर होडी सोडू नका. खालची बरीच उत्तरं याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

भारतात हे अंदाज मुळात कोण तयार करतं?

भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया. त्यांची भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी पुस्तकरूपात निघतात आणि देशातली बाकीची बहुतेक वेळापत्रकं त्यांच्यावरच उभी असतात. हे काम फार जुनं आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. भारतातल्या बंदरांचे अंदाज काढण्यासाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये कप्प्या-दोऱ्यांचं एक खास यंत्रही बनवलं गेलं. चंद्र-सूर्याचा एकेक परिणाम म्हणजे एकेक फिरती कप्पी. सगळ्यांवरून एकच दोरी जायची आणि तिच्या टोकाची लेखणी कागदावर भरतीची वक्ररेषा काढायची. आज संगणक करतो ती बेरीज हीच. मला या यंत्राचं फार अप्रूप आहे, कारण भरतीचा अंदाज हा हवामानाच्या अंदाजासारखा नसतो, तो पंचांगासारखा असतो, हे त्याच्याकडे पाहून पटतं.

मग फुकट पाहायचं कुठे?

पहिली जागा हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. मासेमारीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती, लाटांचे इशारे आणि त्सुनामीच्या सूचना देणारी हीच संस्था. तिच्या संकेतस्थळावर सागरी स्थितीच्या अंदाजांसोबत भरती-ओहोटीचे अंदाजही पाहता येतात. याचा मोठा फायदा असा की लाटांची उंची, वारा आणि भरती एकाच ठिकाणी मिळते. खाडीच्या मुखातून बाहेर पडताना या तिन्ही गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात.

दुसरी जागा मोठ्या बंदरांची प्राधिकरणं. मुंबई आणि मुरगाव या दोन्ही बंदरांत जहाजांची ये-जा भरतीवर चालते, त्यामुळे तिथली वेळापत्रकं जपून तयार केलेली असतात.

तिसरी जागा मुंबई महापालिका. पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी पालिका जाहीर करते आणि वर्तमानपत्रं ती छापतात. ही यादी शहर तुंबण्याच्या काळजीने केलेली असते, म्हणून तिच्यात ओहोटी नसते. होडीवाल्याला ओहोटीची चिंता जास्त, तेव्हा एवढ्या यादीवर भागत नाही.

मोबाइलवरच्या ॲपवर विश्वास ठेवावा का?

ते ॲप आकडे कुठून घेतं यावर अवलंबून आहे. ॲप दोन प्रकारची असतात. काही प्रत्यक्ष बंदरावर मोजलेल्या नोंदींतून काढलेले आकडे दाखवतात. काही मात्र उपग्रहांच्या मापनावर बेतलेल्या जागतिक प्रतिमानातून (मॉडेलमधून), नकाशावर बोट ठेवाल तिथला आकडा काढून देतात. दुसऱ्या प्रकारात हर्णै, आंजर्ले, बुरोंडी अशी नावं दिसली की माणूस खूश होतो. वाटतं, आपल्या गावाची भरती मोजली आहे. ती मोजलेली नसते. जागतिक प्रतिमानाची जाळी बरीच मोठी असते. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाचं ईओटी२० हे प्रतिमान अंशाच्या आठव्या भागाच्या जाळीवर आहे, म्हणजे दोन बिंदूंमध्ये साधारण १४ किलोमीटर. एवढ्या अंतरात अख्खी खाडी, तिचं मुख आणि मुखातला वाळूचा दांडा मावतो. उघड्या समुद्रावर असे आकडे छान जुळतात, खाडीत शिरल्यावर फसवतात.

ॲपच्या माहितीच्या पानावर स्रोत लिहिलेला नसेल तर मी ते ॲप वापरत नाही.

वेळ नेहमी साडेपाच तासांनी चुकलेली का दिसते?

कारण ते आकडे जागतिक प्रमाणवेळेत आहेत आणि आपलं घड्याळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते, पण भरतीच्या बाबतीत यासारखी वाईट चूक नाही. पूर्ण भरती ते पूर्ण ओहोटी यांत सरासरी ६ तास १२ मिनिटं जातात. म्हणजे साडेपाच तासांच्या चुकीने चित्र जवळजवळ उलटं होतं. तुम्ही भरती समजून जाता आणि समोर चिखल असतो.

माझ्याबाबतीत हे घडलं आहे. दाभोळच्या खाडीत एका ॲपवरची वेळ न तपासता शिरलो. पाणी चढेल अशी वाट पाहत राहिलो आणि ते उतरत गेलं. होडी एका कुशीवर बसली, आम्ही दोघं गुडघाभर गाळात अंधार पडेपर्यंत उभे होतो. सोबत माझा तेरा वर्षांचा भाचा होता. त्या दिवसापासून कुठलाही नवा स्रोत आधी एक दिवस किनाऱ्यावरून पडताळल्याशिवाय मी वापरलेला नाही.

उंचीचे आकडे दोन ठिकाणी वेगळे आहेत. एका ठिकाणी ४.२ मीटर, दुसरीकडे १.७. खरं कुठलं?

दोन्ही खरे असू शकतात. फरक शून्याचा आहे. सागरी नकाशे आणि अधिकृत कोष्टकं ज्या पातळीला शून्य मानतात ती चार्ट डेटम ही मुद्दाम खाली धरलेली पातळी असते, साधारण मोठ्यात मोठ्या ओहोटीच्या आसपासची. जागतिक प्रतिमानं मात्र सरासरी समुद्रपातळीला शून्य धरतात, म्हणून त्यांच्यात ओहोटीचे आकडे उणे दिसतात. तुमच्या स्रोतात उणे आकडे रोजच दिसत असतील तर तो सरासरी पातळीवरून मोजतो आहे, हे लगेच ओळखा.

अपोलो बंदराला सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर आहे. तेव्हा ४.२ उणे २.५१ म्हणजे १.६९, आणि तुमचे दोन्ही आकडे जुळले. हा २.५१ फक्त मुंबईचा. गोव्यात भरतीची उंचीच कमी, त्यामुळे तिथला फरकही कमी.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. जेब्को या जागतिक खोलीच्या नकाशासारखी फुकट मिळणारी समुद्रतळाची माहिती सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली असते. तिच्यात अधिकृत कोष्टकातली भरतीची उंची मिळवली, तर मुंबईजवळ अडीच मीटर पाणी कागदावर जास्त दिसेल, जे प्रत्यक्षात नाही. खोली आणि भरती एकाच शून्यापासून मोजलेल्या हव्यात. शिवाय जेब्कोची जाळी खाडीच्या दृष्टीने फार विरळ आहे, तिथे ती वापरूच नका.

कोष्टकात फक्त भरती आणि ओहोटीची वेळ असते. मधल्या वेळी पाणी किती, हे कसं काढायचं?

बाराव्या हिश्श्याचा नियम वापरा. भरती-ओहोटीतल्या फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक.

समजा दुपारी १२ वाजता ४.२ मीटरची भरती आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ०.६ ची ओहोटी आहे. फरक ३.६, एक हिस्सा ०.३ मीटर. १ वाजता पाणी ३.९, २ वाजता ३.३, ३ वाजता २.४, ४ वाजता १.५. आता तुमच्या वाटेत एक वाळूचा पट्टा आहे, जो नकाशात शून्याच्या वर १.२ मीटर सुकतो असं दाखवलं आहे. अशा सुकणाऱ्या उंचीच्या आकड्याखाली रेघ असते, ती नीट बघा. ३ वाजता त्या पट्ट्यावर १.२ मीटर पाणी असेल, ४ वाजता फक्त ०.३. होडीला ०.७ मीटर पाणी लागत असेल आणि अर्धा मीटर हाताशी ठेवायचा असेल, तर ३ च्या आत पलीकडे गेलंच पाहिजे. मधल्या दोन तासांत पाणी किती झरझर जातं ते यात दिसतं. बहुतेक होड्या अडकतात त्या याच वेळात, कारण अजून बराच वेळ आहे असं वाटत राहतं.

हा नियम खाडीच्या आतल्या भागात ढोबळच चालतो. तिथे भरती लवकर चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते.

जुनी माणसं तिथीवरून भरती सांगतात. ते कितपत खरं?

बरंच खरं, आणि हा सगळ्यात फुकट स्रोत आहे. तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळ आणि संध्याकाळ दोन्हीकडे तेच, शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत तेच.

यामागचं गणित सरळ आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन-तीन मिनिटांची तूट साठत जाते आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा हे उत्तर येतं, तर मुंबईची त्या दिवशीची भरती बाराच्या आसपास असते. त्यातही उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत वेळ रोज जरा कमी सरकते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत तासाहून जास्त. त्यामुळे पाऊणपटीचं उत्तर तास-दीड तास इकडेतिकडे धरावं.

हे गणित मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यासाठी जुळतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, म्हणून गोव्याला ती मुंबईच्या आधी लागते. रत्नागिरी मालवणकडच्यांनी वेळ थोडी अलीकडे धरावी. मी स्वतः कोष्टक बघण्याआधी मनात पाऊणपट करतो. दोन्हींत दोन तासांचा फरक आला, तर कोष्टकाचं पान, महिना किंवा घड्याळ यांतलं काहीतरी चुकलं आहे हे कळतं. साडेपाच तासांची ती चूकही यात तात्काळ पकडली गेली असती.

उधाण आणि भांग यांत पाण्याचा फरक किती पडतो?

मुंबईला उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६, म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त चढउतार. भांगाला ३.३० आणि १.८६, म्हणजे दीड मीटरही नाही. गोव्यात उधाणालाच साधारण दोन मीटर. उत्तरेला खंबायतच्या आखातात भावनगरकडे तो दहा मीटरच्या घरात जातो. गोव्यात होडी चालवायला शिकलेला माणूस मुंबईच्या खाड्यांत आला की त्याचा अंदाज चुकतो, तो यामुळे.

सगळ्यात मोठं उधाण बरोबर पौर्णिमा-अमावास्येला नसून एक-दोन दिवस नंतर येतं. आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. मुंबईला पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, हिवाळ्यात रात्रीची.

माझ्या गावाचं नाव कुठल्याच यादीत नाही. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याचं उत्तर विकत घेऊनही मिळत नाही. अधिकृत कोष्टकात मोजक्या मुख्य बंदरांचे रोजचे आकडे असतात, इतर काही ठिकाणांसाठी मुख्य बंदराच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची वा वजा करायची ते दिलेलं असतं. तुमचं गाव त्यातही नसेल तर तो फरक तुम्हीच काढायचा.

धक्क्याच्या एखाद्या खांबावर रंगाने दर दहा सेंटीमीटरला खूण करा. पावसाळा सोडून दोन शांत आठवडे निवडा, एक उधाणाचा आणि एक भांगाचा. भरतीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर दर दहा मिनिटांनी पाणी कुठल्या खुणेवर आहे ते वहीत लिहा. नेमक्या भरतीच्या क्षणी पाणी बराच वेळ थांबल्यासारखं दिसतं, त्यामुळे डोळ्याने वेळ पकडता येत नाही. चढताना आणि उतरताना एकाच खुणेवर पाणी कधी होतं ते बघा आणि त्यांची मधली वेळ घ्या, ती जास्त अचूक येते. मग ती जवळच्या मुख्य बंदराच्या वेळेशी ताडा. दहा-बारा भरत्या झाल्या की तुमच्या धक्क्याचा फरक हातात येतो.

खाडीच्या आत जाल तसा हा फरक वाढतो. वाशिष्ठी, सावित्री, मांडवी, सगळीकडे मुखावर भरती पूर्ण झाली तरी वरच्या गावांत पाणी अजून चढतच असतं. म्हणून मुखासाठी एक आणि आपल्या धक्क्यासाठी एक असे दोन फरक वहीत ठेवा. आणि हे करताना गावातल्या कोळी किंवा गाबीत मंडळींना विचारा. कुठल्या तिथीला कुठल्या खडकाला पाणी लागतं, हे त्यांच्याकडे पिढ्यांचं जमा असतं. माझ्या वहीतला पहिला बरोबर आकडा एका काकांनी खडक दाखवून दिलेला आहे.

संगणकावर स्वतःचे अंदाज काढता येतात का?

येतात, तेही पूर्ण फुकट. ओपनसीपीएन हा नकाशे दाखवणारा मुक्त प्रोग्रॅम घ्या, त्यात भरती-ओहोटीची सोय आतच आहे. एक्सटाइड हा दुसरा जुना मुक्त प्रोग्रॅम. दोन्हींत अमेरिकेबाहेरच्या बंदरांचे स्थिरांक (ज्यांवरून त्या बंदराच्या भरतीचं गणित होतं ते आकडे) जुने असू शकतात, म्हणून ते अधिकृत वेळांशी ताडल्याशिवाय वापरू नका.

थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर पायथनमधली यूटाइड ही लायब्ररी तुमच्या स्वतःच्या नोंदींतून स्थिरांक काढून देते. त्यासाठी महिनाभर तरी सलग नोंदी हव्यात, वर्षभराच्या असतील तर उत्तम. पाण्यात बुडवून ठेवायचा दाबमापक वापरून त्या आपोआप घेता येतात. पायटीएमडी ही लायब्ररी ईओटी२०, टीपीएक्सओ, एफईएस अशा जागतिक प्रतिमानांतून आकडे काढते. यांतल्या प्रत्येकाच्या वापराच्या अटी वेगळ्या आहेत. ईओटी२० सगळ्यांना खुलं आहे, इतरांसाठी आधी नोंदणी किंवा परवानगी लागू शकते.

या सगळ्यात सर्वांत मोठा हिस्सा चंद्रामुळे दिवसातून दोनदा येणाऱ्या (अर्धदैनिक) भरतीचा असतो, आवर्तन १२ तास २५ मिनिटं. मुंबईला एकट्या तिचाच वाटा सरासरीच्या वर सव्वा मीटर आणि खाली सव्वा मीटर येतो. तुमच्या नोंदींतून याच्या फार वेगळा आकडा आला तर आधी नोंदी तपासा.

आम्ही परदेशात राहतो. तिकडे काय?

अमेरिकेत नोआ ही सरकारी संस्था हजारो ठिकाणचे अंदाज फुकट देते, संगणकाने थेट उचलता येतील अशा रूपातही. कॅनडाची जलसर्वेक्षण सेवा आणि ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं यांचे अंदाजही खुले आहेत. ब्रिटनमध्ये ॲडमिरल्टीची ईझीटाइड सेवा आजपासून आठवडाभराचे आकडे फुकट दाखवते. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा वेळ कुठली दाखवली आहे ते बघून घ्या.

आपल्याकडे नोआसारखं सगळं खुलं का नाही?

नोंदी सरकारी खर्चाने होतात. सरकारी माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये आलं, नकाशांवरचे निर्बंध २०२१ मध्ये सैल झाले. तरीही लहान बंदरांचे स्थिरांक एका ठिकाणी, संगणकाला वाचता येतील अशा रूपात, सहज हाती लागत नाहीत. मला हे मनापासून खटकतं. मोठ्या जहाजाला पुस्तक परवडतं आणि त्याच्यावर वाटाड्याही चढतो. छोट्या होडीवाल्याकडे फक्त मोबाइल असतो, आणि चुकीच्या आकड्याची किंमत तोच मोजतो. माहितीच्या अधिकारात किंवा सागरी मंडळाला पत्र लिहून आपल्या बंदराचे आकडे मागता येतात. मागणारे वाढले पाहिजेत.

पावसाळ्यात हे अंदाज चालतात का?

वेळ बऱ्यापैकी चालते, उंची नाही. कोष्टकात चंद्र-सूर्य आहेत, वारा-पाऊस नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं, नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्याकडे आणखी पाणी लोटतो आणि खाडीत वरून पुराचा लोंढा येतो. ओहोटीचा प्रवाह आणि पूर एकत्र झाले आणि समोरून लाटा आल्या की खाडीचं मुख उसळतं. मांडवीच्या तोंडावरचा आग्वादचा दांडा पावसाळ्यात वाहतुकीला बंद राहतो तो याच कारणाने. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा मीही होडी वर ओढून ठेवतो. वाळूचे दांडेही पावसाळ्यात जागा बदलतात, म्हणून नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला मागच्या वर्षीची वाट जशीच्या तशी धरू नका. चढत्या पाण्यावर, म्हणजे ओहोटी संपून दोन तास झाल्यावर, बांबूने खोली मोजत हळू जा. चढत्या पाण्यात टेकलात तर अर्ध्या तासात पाणीच तुम्हाला उचलून देतं.